कोत

परिपत्रकाची झेरॉक्स, उडू नये म्हणून वर बॉबिन.
गिरणीतली आहे. गिरणी गेली,
बॉबिन माझ्या टेबलावर राहिली.

सहा वेळा 'काटकसर' आहे त्यात. मी मोजली.
आर्थिक अरिष्ट पाहता काटकसर,
म्हणून विडी कामगारांचा दवाखाना आठवड्यातून दोनच दिवस,
म्हणून महागाई भत्ता गोठवलेला,
म्हणून सातनंतर कुंभारीच्या वसाहतीला बस नाही.

मी पेंटर. रात्रीत चाळीस फलक,
तांबडा रंग अर्धा डबा.
पैशाचं मोर्चानंतर बघू, म्हणाले सेक्रेटरी.
मी हो म्हणालो.
मागच्या मोर्चालाही मी हो म्हणालो होतो.

बालामणी येमूल दाराशी बसलेली,
ओल्या फडक्यात पाला, मांडीवर सूप,
कात्री चालू.
विचारलं, अक्का, काटकसरीला तेलुगूत काय म्हणायचं?
पोदुपु, म्हणाली. पण ते आमचं.
एका काडीत चूल बी आन् उदबत्ती बी,
ते पोदुपु.
ह्यांचं हे पोदुपु नव्हं की.
मग?
तिनं पान फिरवलं, कात्री फिरवली,
चौकोन मांडीवर, कडा जमिनीवर.
कोत, म्हणाली.
करंट जातंय बघा, ती करंट कोत.
रान कापतेत, ती बी कोत.
दुसऱ्याच्या हातात असतंय, ती कोत.

ब्रश हवेत राहिला.
मराठीतला कोता माणूस कुठूनसा येऊन
त्या शब्दाशेजारी बसला,
जागा करून दिल्यासारखा.

लिहिलं: ही काटकसर नव्हे. ही कोत आहे.
सेक्रेटरींनी चष्मा वर केला. पेपरवाले विचारतील, म्हणाले.
विचारू देत.
एकोणतीस फलकांवर रंग तळाला गेला.
उरलेल्या अकरांवर एकच शब्द,
आणि सवयीनं, कोपऱ्यात, बारीक:
सिद्राम आर्ट्स, साखर पेठ.

दत्तनगरातून निघालो तेव्हा डांबर अजून घट्ट होतं.
कन्ना चौकात मऊ झालं.
कौतम चौकात एका बाईची चप्पल त्यात राहिली,
ती वाकली नाही, मागचीनं उचलून हातात धरली
आणि चार पुतळ्यांपर्यंत तशीच आणली,
घोषणेला तीच वर.
यंत्रमागाची पोरं कानात कापूस घालायचं विसरलेली,
रस्त्यावर खटखट नाही म्हणून ओरडून बोलणारी.
टपरीवरच्या म्हाताऱ्यानं फलक वाचला: कोट?
ह्या उन्हात कोट कोण मागतंय बे?

पूनम गेटला बसवलं.
पाच जण आत गेले.
आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं,
पिशव्यांतून सुपं निघाली.
तीनशे-चारशे बाया, गेटकडे तोंड करून,
पान, तंबाखू, दोरा,
पान, तंबाखू, दोरा.
घोषणा चालू, बोटं चालू.
ब्रँचवाला मोर्चाची हजेरी लावत नाही,
त्याला संध्याकाळी हजार लागतात.
बंदोबस्ताची पोरगी काठी टेकून बघत राहिली,
अडवावं असं त्यात काही सापडेना तिला.

पाच जण बाहेर आले चाळीस मिनिटांनी.
वरती कळवतो, असं कळलं.
चाळीस मिनिटांत बालामणीच्या बहात्तर विड्या.
त्यातल्या छाट किती, ते ब्रँचला कळेल.

फलक परत मोजले: अडतीस.
दोन कुंभारीला गेले असणार, चालत,
बस नव्हतीच.

गुरुवारी फोन आला.
सिद्राम आर्ट्स का? तुमचा बोर्ड पाहिला मोर्चात.
ते कोत म्हणजे काय असतंय?
किती घेता?
म्हटलं, आम्ही करत नाही हो ते.
मग बोर्ड का लावला?
मी बॉबिन उचलली. कागद हलला.
सांगायला लागलो, पान फिरवायचं, कात्री फिरवायची,
तो म्हणाला, थांबा, रेंज जातीय,
जरा मोठ्यानं बोला.